गॅसेस आहेत हो, दुसरं काही नाही!

परवा एका मुंजीला गेले होते. पंगतीत शेजारी माझ्याच वयाच्या एक बाई बसल्या होत्या, बटूच्या आजोळकडच्या. मसालेभात नको, मठ्ठा नको, जिलबीचा एक तुकडा तेवढा घेतला. मी सहज विचारलं, "पथ्य आहे का काही?"

"गॅसेस आहेत हो, दुसरं काही नाही. बारा वर्षं झाली, रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी घेते. त्यावरच चाललंय."

बारा वर्षांचं एखादं व्रत सांगावं तशा कौतुकानं त्यांनी हे सांगितलं. पण हात वर केला की त्यांच्या बांगड्या पार कोपरापर्यंत घसरत होत्या. मी विचारलं, "वजन कमी झालंय का हो?" तर म्हणाल्या, "झालंय ना. वय झालं आता!"

घरी आले तरी त्या बांगड्या काही डोळ्यांपुढून हलेनात. कारण तीन वर्षांपूर्वी अगदी हेच दोन शब्द मी स्वतः सगळ्यांना ऐकवत होते. गॅसेस, आणि वय. म्हणून आज हा लेख. विषय पोटाचा आहे, तेव्हा मंडळी, जेवता जेवता वाचू नका. आणि नातलगांपैकी कुणाला "मावशीनं हे काय चव्हाट्यावर मांडलंय" असं वाटलं, तर वाटू दे. आमच्या पिढीतल्या बायकांनी हे असं पोटात ठेवूनच पोटाची वाट लावली आहे. पुरुष मंडळी ओट्यावर बसून "आज पोट साफ झालं नाही" असं जाहीर करतात, आणि आम्ही मात्र शाळेच्या स्टाफरूममध्ये साडीच्या निऱ्या सैल करून गप्प बसायचो.

२०२२च्या दिवाळीनंतर मला त्रास सुरू झाला. जेवून अर्धा तास झाला की पोट मृदंगासारखं ताणायचं. ढेकर, गुडगुड, दिवसातून तीन-चारदा जावं लागायचं. लग्नाकार्याला जाणं मी बंद केलं, एस.टी.चा प्रवास बंद केला. घरात ओवा, हिंग, आल्याचा रस सगळं झालं. दहा महिन्यांत वजन ५८ किलोंवरून ४९ वर आलं. मैत्रिणी म्हणाल्या, "काय बारीक झालीस गं, छान दिसतेस!" मलाही जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण मग एक दिवस देवळातून घरी आले आणि दारात सून म्हणाली, "आई, एका पायात चप्पल नाहीये तुमच्या." खरंच नव्हती. वाटेत कुठेतरी निसटली होती आणि मला ते कळलंच नव्हतं! पायाला मुंग्या येत होत्या, मोजे घातल्यासारखं बधिर वाटायचं, ते सगळं मी मधुमेहाच्या खाती जमा करून टाकलं होतं.

त्या दिवशी मुलगा घाबरला. पोटात गाठबीठ नाही ना, हा प्रश्न कुणी तोंडानं उच्चारला नाही, पण तो घरभर फिरत होता. सोनोग्राफी झाली, तोंडातून आणि खालून दुर्बीण घालून झाली, सीटी स्कॅन झाला. सगळं स्वच्छ. गावातल्या डॉक्टरांनी फाइल मिटली आणि म्हणाले, "आजी, रिपोर्ट नॉर्मल आहेत. गॅसेस आहेत. वय झालं, चालायचंच." सोबत झोपेची एक गोळी लिहून दिली.

मंडळी, हाच माझ्या तक्रारीचा मुद्दा आहे. "गॅसेस" हे निदान नव्हे. ताप हे जसं निदान नव्हे तसंच. ताप आला म्हटलं की आपण लगेच विचारतो, कशानं आला? मलेरिया की डेंगी? मग पोटातल्या वायूला हा मान का नाही? तो कुठे तयार होतो, कोण करतं, आणि आत्ताच का, हे कुणी विचारतच नाही. आणि माणूस सत्तरीच्या पुढचं असलं की तर मुळीच नाही.

मला ते विचारणारी भेटली ती पुण्यातली एक तरुण डॉक्टर. सुनेनं वेळ घेतली होती. तिनं माझी जाडजूड फाइल बाजूला ठेवली आणि म्हणाली, "बाई, घरातल्या सगळ्या गोळ्या आणल्यात का? पिशवी इथे टेबलावर रिकामी करा." ("आजी" न म्हणता "बाई" म्हणाली, तिथेच निम्मं दुखणं बरं झालं!) पिशवीतून अकरा पट्ट्या निघाल्या. मधुमेहाचं मेटफॉर्मिन, वीस वर्षं चालू. रक्तदाबाची गोळी. आणि पॅन्टोप्राझोल, आम्ल कमी करणारी. "ही कधीपासून?" मला आठवेना. ह्यांनी आठवून सांगितलं, नऊ वर्षं. गुडघा दुखत होता तेव्हा दुखण्याच्या गोळीसोबत महिनाभर दिली होती. दुखण्याची गोळी थांबली, ही तशीच राहिली. मेडिकलवाला देत गेला, आम्ही घेत गेलो.

मग तिनं रक्ताच्या रिपोर्टातल्या दोन ओळींवर बोट ठेवलं. बी-१२ तळाला, आणि फोलेट भरपूर. "ही जोडी मला गप्प बसू देत नाही," म्हणाली. मेटफॉर्मिननंही बी-१२ कमी होतं, आम्लाच्या गोळीनंही होतं. पण लहान आतड्यात जिवाणूंची वस्ती वाढली तर ते आपल्या वाटणीचं बी-१२ खाऊन टाकतात आणि उलट फोलेट स्वतः तयार करतात. म्हणून एक खाली, एक वर. या आजाराला स्मॉल इंटेस्टायनल बॅक्टेरियल ओव्हरग्रोथ म्हणतात, डॉक्टर मंडळी त्याला लाडानं सिबो म्हणतात.

मी मराठी घेऊन बी.ए. झालेली बाई. विज्ञानाशी माझा संबंध शेजारच्या वर्गातून कानावर पडेल तेवढाच. तरी मला जे समजलं ते वर्गात सांगावं तसं सांगते.

आपलं लहान आतडं साधारण वीस फूट लांब. अन्न पचवून रक्तात घ्यायचं काम तिथे चालतं, म्हणून तिथे जिवाणूंची गर्दी नको असते. वरच्या भागात दर मिलीलिटरमागे जेमतेम हजारभर. उलट मोठ्या आतड्यात एका ग्रॅमला शंभर अब्ज आणि त्याहून जास्त! ते तिथे हवेच आहेत, उपकारक आहेत. पण मोठ्या आतड्यातली वस्ती लहान आतड्यात वाढली की आपल्या ताटातलं आपल्याआधी तेच जेवतात, अन्न आंबवतात आणि वायू सोडतात. चरबी पचायला लागणारा पित्तरस बिघडवतात, त्यामुळे काही जणांना तेलकट जुलाब होतात आणि अ, ड, ई ही जीवनसत्त्वंही अंगी लागत नाहीत.

हे होऊ नये म्हणून शरीरानं पहारे बसवलेले असतात. पहिला पहारेकरी म्हणजे जठरातलं आम्ल. आता पाहा, मराठीत आपण या आम्लालाच "पित्त" म्हणून बसलो आहोत. "पित्त झालंय" म्हणजे छातीत जळजळतंय. खरा पित्तरस यकृतातून येतो, तो वेगळाच. पण नाव पडलं पित्त, आणि एकदा शत्रू ठरवलं की मारायलाच निघायचं! ते आम्ल अन्नाबरोबर येणारे जिवाणू मारतं. नऊ वर्षं मी रोज सकाळी त्या पहारेकऱ्याला झोपेचं औषध देत होते.

दुसरा पहारा मला फार आवडला. आपण उपाशी असतो तेव्हा दर दीड-दोन तासांनी जठरापासून एक लाट निघते आणि लहान आतडं झाडत झाडत खाली जाते. उरलंसुरलं अन्न, जिवाणू सगळं पुढे ढकलते. आपण काही खाल्लं की ही लाट थांबते. शाळेत शिपाईमामा वर्ग झाडायचे ना, तसंच. वर्गात मुलं असतील तर झाडणार कसं? आणि आम्ही निवृत्त माणसं काय करतो? सकाळचा चहा, मग बिस्किट, मग नाश्ता, अकराला फळ, एकाला जेवण, तीनला चहा-चिवडा, पाचला पुन्हा काहीतरी... मामांना वर्ग रिकामा मिळतच नाही. त्यातून वीस वर्षांच्या मधुमेहानं आतड्याच्या नसा मंदावलेल्या. म्हणजे मामाही म्हातारे!

श्वासाची चाचणी झाली. आदल्या दिवशी नुसता पांढरा भात, रात्रीपासून उपाशी. बद्धकोष्ठावर देतात ते लॅक्ट्युलोज नावाचं गोड पातळ औषध पाजतात आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी एका नळीत फुंकायचं, दोन-अडीच तास. (ग्लुकोज पाजूनही करतात, पण माझ्या साखरेमुळे नको म्हणाली.) माणसाच्या पेशी हायड्रोजन वायू तयार करत नाहीत, जिवाणू करतात. तो रक्तात मिसळतो आणि श्वासातून बाहेर पडतो. पहिल्या दीड तासात तो सुरुवातीच्यापेक्षा दहा लाख भागांत वीस भागांनी वाढला तर चाचणी होकारार्थी. माझा तासाभरातच पस्तिसानं वाढला. मी मनात म्हटलं, ३५ म्हणजे काठावर पास!

पण डॉक्टरनं लगेच पाय जमिनीवर आणले. ही चाचणी काही देववाणी नव्हे. कुणाचं आतडं जोरात चालत असेल तर औषध लवकर मोठ्या आतड्यात पोचतं आणि तिथल्या जिवाणूंचा वायू मोजला जातो, म्हणजे आजार नसताना आहे असं दिसतं. ग्लुकोज वरच्या भागातच शोषलं जातं, त्यामुळे खालच्या भागातली वस्ती निसटते. काही जणांत हायड्रोजनऐवजी मिथेन वाढतो, त्यांना बहुधा जुलाबाऐवजी बद्धकोष्ठ असतं, आणि तो वायू करणारे जीव तर जिवाणूही नव्हेत, वेगळ्याच कुळातले. म्हणून चाचणी, रक्त, वजन आणि माणूस, सगळं मिळून ठरवायचं. मला हे प्रामाणिक वाटलं.

त्या रात्री मला आमचे आबाकाका आठवले. रेल्वेत होते. साठीच्या दशकात त्यांचं अल्सरचं ऑपरेशन झालं. तेव्हा अल्सरवर आजच्यासारख्या गोळ्या नव्हत्या, जठराचा तुकडा काढून आतडं जोडून द्यायचे. अल्सर गेला, पण काका वाळत गेले. भरपूर खायचे, जुलाब व्हायचे, पांढरे फटक पडले होते. त्या जोडणीत आतड्याची एक बाजू आंधळ्या बोळासारखी उरते, तिथे अन्नरस साचतो आणि जिवाणू माजतात. या दुखण्याचं जुनं नावच मुळी ब्लाइंड लूप सिंड्रोम. काकांना तेच झालं होतं का, हे आता ताडून बघता येणार नाही. पण आमच्या घरात तेव्हा काय म्हणत होते ते मला पक्कं आठवतंय. "खातो एवढं आणि अंगी लागत नाही, नजर लागली असणार." काकूवर तर भलतेच संशय घेतले गेले. ती बिचारी शेवटपर्यंत त्यांच्यावरून मीठमोहऱ्या ओवाळत राहिली.

माझ्यावर इलाज झाला. रिफॅक्सिमिन नावाचं अँटिबायोटिक, दोन आठवडे. ते रक्तात फारसं शिरत नाही, आतड्यातच काम करतं. किंमत ऐकून ह्यांनी चष्मा काढून पुसला. बी-१२ची इंजेक्शनं सुरू झाली. पोटाला दहा दिवसांत उतार पडला. महिन्याभरात मी थालीपीठ खाल्लं, आणि मला वाटलं संपलं.

पाच महिन्यांनी परत आलं.

तेव्हा कळलं की हे दुखणं परतणारं आहे. इटलीत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, औषधानं बऱ्या झालेल्या ८० जणांपैकी ४४ टक्के लोकांना नऊ महिन्यांत पुन्हा तेच झालं. त्यात वय जास्त असलेले, अपेंडिक्स काढलेले आणि आम्लाची गोळी कायम घेणारे जास्त होते. माझं अपेंडिक्स १९७८ साली काढलंय. म्हणजे तिन्ही रकान्यांत बाईंची हजेरी!

आणि इथे माझी चूक सांगते. दुसऱ्यांदा त्रास सुरू झाल्यावर मी डॉक्टरकडे गेले नाही. परदेशातल्या भाच्यानं मोबाइलवर एक यादी पाठवली होती. कांदा नको, लसूण नको, गहू नको, डाळी-कडधान्यं नकोत, दूध नको, फ्लॉवर नको, आंबा नको, सफरचंद नको. मराठी स्वयंपाकघरातून एवढं वजा केलं की उरतो भात आणि तूप. ते मी तीन महिने खाल्लं. पोट शांत होतं, मी खूश. वजन ४९ वरून ४६ वर आलं आणि जिना चढताना दम लागायला लागला.

ही यादी खोटी नाही. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या संशोधकांनी बसवलेला आहार आहे तो. पण त्याचे तीन टप्पे आहेत. काही आठवडे बंद, मग एकेक पदार्थ परत आणून बघायचा, आणि मग आपल्याला सोसतं तेवढं कायम ठेवायचं. मोबाइलवरून मोबाइलवर फिरताना पहिला टप्पा तेवढा फिरतो. शिवाय त्यानं वायू कमी होतो, आतड्यातली वस्ती हटतेच असं नाही. सत्तरीच्या बाईनं डाळी, दूध, भाज्या सोडून बसणं म्हणजे उंदीर घरात झाला म्हणून धान्यच आणायचं बंद करण्यासारखं आहे.

म्हणून माझं भांडण दोन्हीकडच्यांशी आहे. एक, सगळ्याला गॅसेस म्हणून गप्प बसणारे. दुसरे, हल्ली सगळ्याला सिबो म्हणणारे. हा शब्द आता महाजालावर इतका फिरतोय की पोट जरा फुगलं की लोक घरबसल्या निदान करतात आणि मेडिकलमधून अँटिबायोटिक आणतात. पोट फुगणाऱ्यांत कितीतरी जणांना नुसतं दूध सोसत नसतं. पण सिबो हेही पूर्ण उत्तर नाहीच. वस्ती तिथे का वाढली? मधुमेहानं आतडं मंदावलं का, जुन्या ऑपरेशनचे बंध आहेत का, आतड्याच्या क्षयानं वाट अरुंद झाली आहे का (आपल्या देशात हे विसरून चालत नाही), गोळीनं आम्ल गेलं का? ते कारण तसंच ठेवून नुसते जिवाणू मारले तर ते परत येणारच. आणि वजन उतरत असेल, रक्त कमी होत असेल, शौचावाटे रक्त जात असेल, तर आधी दुर्बीण-स्कॅन हवाच. माझा झाला होता, ते योग्यच होतं. "नॉर्मल" आल्यावर फाइल मिटली, ते चुकलं.

माझं दुसऱ्या वेळेला रीतसर झालं. पुन्हा औषधाचा एक कोर्स. पॅन्टोप्राझोल डॉक्टरनं दोन महिन्यांत हळूहळू उतरवून बंद केलं. एकदम सोडलं तर आम्ल उसळून येतं, आणि हृदयविकारासाठी ॲस्पिरिन घेणाऱ्या किंवा पूर्वी अल्सर झालेल्या काही जणांना ती गोळी खरोखर लागते. तेव्हा कृपा करून हा लेख वाचून कुणी आपापल्या पट्ट्या कचऱ्यात टाकू नका, डॉक्टरपुढे पिशवी रिकामी करा. गोळीनंच सिबो होतो की नाही यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. पण ज्या गोळीचं कारण कुणालाच आठवत नाही, ती चालू का ठेवायची, यावर वाद कशाला?

आता दोन खाण्यांत चार तासांचं अंतर ठेवते. साखर उतरवणाऱ्या गोळ्या किंवा इन्सुलिन असेल तर हे विचारूनच करायचं. मीही विचारलं. याला पक्का पुरावा फारसा नाही, पण करून बघायला हरकत नाही, असं डॉक्टर म्हणाली. शिपाईमामांवर माझा जुना विश्वास आहे, म्हणून मी करते. मुगाची आमटी परत आली, कांदा परतून थोडा चालतो, छोले अजून नाहीत. वजन ५२ आहे. पायांचा बधिरपणा निम्मा गेला. बाकीचा जाईलच असं सांगता येत नाही, म्हणाली. बी-१२ लवकर बघितलं असतं तर कदाचित गेला असता. पट्ट्याच्या चपला वापरते.

मुंजीतल्या त्या बाईंचा फोन नंबर घेऊन ठेवलाय. उद्या करणार आहे. पहिल्यांदा रागावतील, "ही कोण मला सांगणारी" म्हणून. चालेल. निदान एकदा बी-१२ तपासा आणि त्या गोळीचं कारण विचारा, एवढंच म्हणणार आहे.

चला, चार वाजले. बाराला जेवले होते. आता चहा.